दगडावरचं नाव

आमच्या आजोळी, गावाच्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळामागे चार-पाच दगड ओळीनं उभे होते. कमरेएवढे उंच, ऊन-पावसानं झिजून गुळगुळीत झालेले. पाडव्याला आजी त्यांना तेल-शेंदूर लावायची, पुढं नारळ फोडायची. हे कुठले देव, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देव न्हवत ती. गावासाठी पडल्याली माणसं हाईत." कुठल्या लढाईत पडली, कोणाची होती, नावं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आजीलाही ठाऊक नसणार. तरी नारळ कधी चुकला नाही.

ते वीरगळ होते, हे पुढं कळलं. महाराष्ट्राच्या गावोगावी ते आहेत. खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला माणूस, कधी त्याच्या शेजारी गायी, कारण गावची गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना तो गेलेला असतो. त्याच्या वर लढाई, त्याच्या वर त्याला हात धरून नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर तुझी आठवण राहील, असं गावानं दिलेलं वचन. बोरिवलीजवळ एकसरला तर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या गलबतांवरून लढणारे वीर दगडात कोरले आहेत. कर्नाटकातल्या बऱ्याच वीरगळांवर लेख आहेत. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षर नाही. चेहरा झिजला आणि नाव तर कोरलंच नव्हतं. उरला तो कुठल्याशा माणसाविषयीचा मोघम आदर.

सैनिकांवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा ते दगडच आठवले. सैनिकांविषयी आपल्याला कृतज्ञता नाही, असं कोणी म्हणू नये. ती भरपूर आहे. पण ती त्या शेंदरासारखी आहे, वरून दाट, आणि खाली कोण आहे ते दिसू न देणारी. 'वीर जवान अमर रहे' म्हणताना आपल्यासमोर कोणता जवान असतो? कुठल्या तालुक्यातला, कोणत्या पलटणीतला, किती वर्षांचा? माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्याचं ऋण मानायचं त्याचं नाव आपल्याला माहीत हवं. हे पुस्तक त्यासाठीच आहे.

नाव कोरण्यानं काय होतं याचा सर्वांत मोठा दाखला भीमेकाठी उभा आहे. पेशव्यांच्या फौजेशी १ जानेवारी १८१८ ला झालेल्या लढाईनंतर कोरेगावला कंपनी सरकारनं जयस्तंभ उभारला. तो उभारणाऱ्यांना आपला विजय मिरवायचा होता. पण त्यांनी त्यावर पडलेल्या ४९ शिपायांची नावं कोरली आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. त्या काळच्या महार पुरुषांच्या नावाची ती खूण. पुढे १८९० च्या दशकात त्याच समाजाला 'लढाऊ नाही' म्हणून लष्कराचे दरवाजे बंद झाले. त्याच समाजातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी, नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले, आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी आले. स्तंभावर नुसता '४९' हा आकडा असता, तर त्या समाजाला तिथं आपलं काय सापडलं असतं? शंभर वर्षं दगडानं सांभाळलेल्या त्या दोन अक्षरांनी एका समाजाला त्याचा इतिहास परत दिला. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या पाठीशी ही सगळी खटपट होती.

उलटा दाखला साताऱ्यात सापडतो. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव सरकारदरबारीही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण परतले नाहीत. युद्धानंतर सरकारनं अशा गावांमध्ये संगमरवरी पाट्या बसवल्या. कोकणात, देशावर, थेट पंजाबपर्यंत त्या एकाच साच्यातल्या आहेत: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, आणि पाटी संपली. चावडीच्या भिंतीतली अशी पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही. गावात त्या वेळी असतील शे-दीडशे घरं. प्रत्येक मेलेला माणूस गावातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. नावं विचारायला साहेबाला चार पावलंसुद्धा चालावं लागलं नसतं.

ही माणसं मेली कुठे? फार मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या काठानं बगदादच्या रोखानं गेलेली ही फौज मागे हटत कुत-अल-अमारा इथे आली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तिला तुर्कांचा वेढा पडला. तो जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली. धर्म की जीव, हा पेच अनेक भारतीय शिपायांना पडला आणि कित्येकांनी शेवटपर्यंत ते मांस तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यानंतरच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत हजारो मेली. माण-खटावच्या दुष्काळातून, कोकणातल्या उतरणीच्या शेतांतून पोटासाठी पलटणीत नाव घातलेली ही पोरं. घरी फक्त पेन्शनचा कागद आला.

त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक झालं. तिथं चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे, आणि त्यात भारतीय सर्वाधिक. पण साध्या भारतीय शिपायांची नावं त्या भिंतींवर नाहीत. पलटणीचं नाव, त्याखाली अधिकाऱ्यांची नावं, आणि शेवटी इतके शिपाई, असा आकडा. त्याच ब्रिटिश साम्राज्यानं फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं एकेक करून कोरली आहेत. जिथं युरोपातली माणसं येऊन बघणार होती तिथं नाव, आणि जिथं कोणी बघायला येणार नव्हतं तिथं आकडा. याचा दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची तपासणी करून कबुली दिली: मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावानं किंवा मुळातच कुठेही नोंद झालेली नाही. शंभर वर्षांनी माफी मागितली गेली. ती मागितली हे चांगलंच झालं.

इथं एक प्रश्न उभा राहतो आणि त्याला बगल देणं बरं नाही. ही माणसं आपल्या स्वातंत्र्यासाठी मेली नव्हती. त्यांनी पगार परक्या राजाचा घेतला होता. मग आपण त्यांचं ऋण का मानायचं? माझ्या वडिलांच्या पिढीतली पुष्कळ शहाणी माणसं हा प्रश्न सरळ विचारत आणि उत्तरही सरळ देत: मानायचं नाही. त्यांचा राग खोटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर चित्र फारच तीव्र होतं. सातारा जिल्ह्याचे शेकडो जवान आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढत होते, आणि त्याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांची सत्ता उखडत होतं. एका गावच्या एका आळीत मनीऑर्डर यायची आणि शेजारच्या आळीत पोलिसांची धाड. दोन्ही घरांतली आई सारखीच जागी असायची.

मला या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांत मिळालं नाही. ते इटलीतल्या एका गावानं दिलं.

यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी एका डोंगरावरच्या जर्मन ठाण्यावर चालून गेली. समोरून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. ते थांबले नाहीत. एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही उडवले. एकाला गोळी घातली. तोवर मॅगझिन रिकामं झालं. बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठेही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीच्या लढाईत नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं आणि तोच सन्मान मिळवला. ते मात्र परत आले. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय लढले आणि ५,७८२ जणांनी प्राण दिले.

त्या टायबर खोऱ्यात मॉन्तोने नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे. २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या लोकांनी घाडग्यांच्या नावानं एक स्मारक उभारलं. ते आहे सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. वीरगळावरचा सूर्य त्यांनी कधी पाहिला असेल असं वाटत नाही, तरी हजारो कोसांवर त्यांच्याही हाताला सूर्यच सुचला. त्या लोकांना घाडगे कोणाचा पगार घेत होते याच्याशी कर्तव्य नव्हतं. फॅसिस्टांच्या आणि नाझींच्या टाचेखालून आपलं गाव मोकळं झालं आणि ते करताना कुठल्या तरी दूरच्या मुलखातली पोरं मेली, एवढं त्यांना आठवत होतं. स्वतः गुलाम देशातला माणूस दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी मेला. ज्यांना ते स्वातंत्र्य मिळालं त्यांनी ७९ वर्षांनी का होईना, त्याचं नाव शोधून काढून कोरलं. ते करण्याआधी त्यांनी इतिहासाचा हिशेब पूर्ण जुळायची वाट पाहिली नाही. आपण मात्र आपल्याच माणसांबाबत ती पाहत बसलो.

असंच ऋण आपल्याकडेही आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी फौज गेली, तेव्हा आग्वादच्या किल्ल्यात कोंडलेल्या स्वातंत्र्यसैनिकांना सोडवायला निघालेले मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल पोर्तुगिजांच्या गोळीबारात पडले. त्याच मोहिमेत अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण गेले. घरी पंजाबी बोलणाऱ्या माणसानं कोकणी-मराठी बोलणाऱ्यांच्या सुटकेसाठी जीव दिला. आग्वादला दरवर्षी लाखो पर्यटक जातात. किल्ला पाहतात, फोटो काढतात, समोरचा समुद्र पाहतात. त्यांतल्या किती जणांना ही दोन नावं माहीत असतात?

युद्ध चालू असतं तेव्हाची कृतज्ञता निराळी असते. ती अंगात येते. १९६२ मध्ये चीननं हल्ला केला, तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीत टाकले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं आणि घराघरांतून लोकांनी ते सोडलं. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासला गेला, आणि संध्याकाळच्या बातम्यांना अख्खी चाळ एका रेडिओभोवती जमायची. त्या दिवसांत प्रत्येकाला वाटत होतं की सीमेवरचा माणूस आपल्या उंबऱ्यावर उभा आहे. ते वाटणं खरं होतं. मी त्याची किंमत कमी करणार नाही.

पण यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं सगळीकडे म्हटलं गेलं. ते एका नेत्याविषयी होतं आणि योग्यच होतं. खरं तर सह्याद्री त्याआधीच हिमालयात पोहोचला होता. हाडं गोठवणाऱ्या थंडीत सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून उभ्या असलेल्या जवानांत इथल्या डोंगरांतलीही पोरं होती. त्यांची नावं वर्तमानपत्रांत आली नाहीत. युद्ध थांबलं, दागिने मोडून झाले, चाळीतली माणसं आपापल्या खोलीत गेली. आणि गावी तार आली.

तार म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला समजावून सांगावं लागेल. कारगिलपर्यंतच्या युद्धांत बहुतेक जवानांचा अंत्यविधी आघाडीवरच होत असे. घरी तार, आणि काही महिन्यांनी त्याची पेटी. त्यात कपडे, दाढीचं सामान, घरून गेलेली पत्रं. चेहरा शेवटचा बघायला मिळाला नाही म्हणून कित्येक आया मरेपर्यंत मुलाची वाट बघत राहिल्या. त्यांना वेडं ठरवणाऱ्यांनी त्या पेटीचा विचार करावा. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान गेले आणि त्यांचे देह तिरंग्यात लपेटून गावोगावी आले. देशानं आपले मेलेले सैनिक इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले.

अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटते, शाळेची मुलं रांगेत उभी राहतात, पालकमंत्री येतात. दहाव्यापर्यंत घर भरलेलं असतं. त्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल बोलायला आपण कचरतो. स्टेजवर जिला वीरपत्नी म्हणून साडी-नारळ दिला, तिला पुढच्या संक्रांतीला हळदी-कुंकवाचं बोलावणं जात नाही. तिचं वय असतं पंचवीस-सव्वीस. पेन्शन कोणाच्या नावावर राहणार, जमीन कोणाची, तिनं पुन्हा लग्न करायचं की नाही, हे सगळं तिला सोडून बाकी सगळे ठरवतात. सरकारी नियमही बराच काळ याच चालीचे होते: शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता तिनं पुनर्विवाह केल्यास बंद होई, आणि चालू राहायचा तर तिनं लग्न मृत पतीच्या भावाशीच केलेलं हवं. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात काढली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, घरटी फौजी असलेलं गाव. त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. तो ठराव सैनिकांसाठी नव्हता. पण जवानाच्या ऋणाची परतफेड म्हणून मी पाहिलेल्या सगळ्या तोफांच्या सलामींपेक्षा मला तो मोठा वाटतो. माणूस देशासाठी गेला, आणि त्याच्या बायकोला आपण अपशकुनी मानतो. त्याच्या फोटोला हार घालण्याआधी एवढं तरी थांबलं पाहिजे.

२५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय समर स्मारक खुलं झालं. त्यातल्या त्याग चक्राच्या भिंती ग्रॅनाइटच्या पाट्यांनी रचल्या आहेत, आणि एकेका पाटीवर एकेक नाव. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. १९४७ नंतर गेलेल्या माणसांची ही गणना. तिथं मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना भिंतीवरून बोट फिरवत चालताना पाहिलं. एका पाटीपाशी ते थांबले, तिच्यावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. ते कोण, ते नाव कोणाचं, हे मी विचारलं नाही. बसऱ्याच्या भिंतीवर हात टेकवायला त्यांना जागा सापडली नसती.

तरी ते स्मारक दिल्लीत आहे आणि १९४७ च्या अलीकडचं आहे. त्याआधीचे, खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्ट्रेचर उचलणारे, ज्यांना शिपाई म्हणूनही कोणी धरलं नाही ते, अजून आपापल्या गावच्या पाटीवरच्या आकड्यातच आहेत. काही नावं मात्र घराघरांत शिल्लक आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं पदक असेल. लष्करी पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंग लावून बघा. पेन्शनची जुनी वही असेल, मोडी किंवा इंग्रजीतलं एखादं पत्र असेल, भिंतीवरच्या फोटोमागं पेन्सिलीनं लिहिलेलं साल असेल. घरात नव्वदीच्या घरातलं माणूस असेल तर या महिन्यातच त्याच्याजवळ बसा. नाव, पलटण, नंबर, कुठल्या लढाईत, मागं कोण राहिलं, एवढं एका कागदावर लिहा आणि ग्रामपंचायतीत, शाळेत, गावच्या वाचनालयात एकेक प्रत द्या. हे पुस्तक वाचून झाल्यावर माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. पाटीवरच्या आकड्याशेजारी नाव लिहायला जागा नसेल, तर शेजारी दुसरी पाटी लावा.